लाकडाच्या भुशाच्या पायरोलिसिसची सक्रियण ऊर्जा ७० आली, संशोधनपत्रांत २०० दिसते. माझं कुठे चुकलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पायरोलिसिस (हवेशिवाय तापवून होणारं विघटन) पाहायला टीजीएमध्ये, म्हणजे तापवताना वजन टिपणाऱ्या यंत्रात, भुसा मिनिटाला १० अंशांनी तापवला, वजन घटण्याच्या वक्रावर कोट्स-रेडफर्नची (एकाच वक्रावरून ऊर्जा काढण्याच्या पद्धतीची) रेषा बसवली, आर-स्क्वेअर ०.९९ आला आणि सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, निघाली ७० किलोज्यूल प्रति मोल. आता हा आकडा रिअ‍ॅक्टरच्या मॉडेलमध्ये घालू का?

घालू नका. तुमची आकडेमोड बरोबर असेल, प्रयोगही नीट झाला असेल. पण एकाच हीटिंग रेटवरून (तापवण्याच्या वेगावरून) काढलेल्या सक्रियण ऊर्जेवर विसंबता येत नाही, आणि ते का, हे एकदा आकड्यांत पाहिलं की पुन्हा तो मोह होत नाही.

आधी हे ७० आलं कुठून ते पाहू. तुमचा डीटीजी वक्र (वजन घटण्याच्या वेगाचा) समोर ठेवा. ३०० अंशांच्या आसपास, मुख्य शिखराच्या डाव्या अंगाला एक खांदा दिसेल. तो हेमिसेल्युलोजचा (सेल्युलोज आणि लिग्निनसोबत लाकडाचा एक मुख्य घटक), ते साधारण २२० ते ३१५ अंशांत तुटतं. मग ३६० च्या जवळपास उंच, टोकदार शिखर, ते सेल्युलोजचं. आणि शिखर उतरल्यावर जी शेपूट लांबतच जाते ती मुख्यतः लिग्निनची. लिग्निन १६० पासून सुरू होतं आणि पार ९०० पर्यंत थोडं थोडं विघटित होत राहतं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. प्रथम कोटीच्या एका अभिक्रियेचं शिखर किती रुंद असेल हे सक्रियण ऊर्जेवर ठरतं. ऊर्जा २०० असेल आणि शिखर ३६० अंशांवर असेल, तर अर्ध्या उंचीवरची रुंदी जेमतेम ४० अंश भरते. ७० असेल तर तीच ११५ च्या पुढे जाते. तुम्ही तीन घटकांचा मिळून झालेला रुंद वक्र एका अभिक्रियेच्या गळ्यात मारला. ती रुंदी भरून काढायला समीकरणाकडे एकच वाट होती, ऊर्जा खाली ओढायची. म्हणून ७० हा आकडा भुशातल्या कुठल्या एका घटकाचा नाही, तो शिखरं एकमेकांत मिसळल्याचा परिणाम आहे. (संशोधनपत्रांतलं २०० हेही मुख्यतः सेल्युलोजच्या टप्प्याचं असतं, अख्ख्या भुशाचं नव्हे.) आर-स्क्वेअरचं म्हणाल तर कोट्स-रेडफर्नमध्ये लॉगॅरिदम घेतल्यावर बहुतेक सगळीच मॉडेलं ०.९९ च्या घरात जातात. त्या आकड्यावर भिस्त ठेवू नका.

आता खरा धोका. समजा शिखर ३६० अंशांवर आहे आणि हीटिंग रेट १०. ऊर्जा २०० धरली तर किसिंजरच्या समीकरणातून (ते शिखराचं तापमान आणि ऊर्जा जोडतं) प्री-एक्स्पोनेन्शियल फॅक्टर, म्हणजे अभिक्रियेच्या वेगाच्या सूत्रातला दुसरा स्थिरांक, येतो सेकंदाला सुमारे ३ गुणिले १० चा १४ वा घात. ऊर्जा १०० धरली तर येतो सुमारे ९ लाख. दोन्ही जोड्या शिखर नेमकं ३६० वरच दाखवतात! एक आकडा चुकला की दुसरा त्याला सांभाळून घेतो. यालाच कॉम्पेन्सेशन इफेक्ट म्हणतात. पण याच दोन जोड्या घेऊन ५०० अंशांच्या रिअ‍ॅक्टरमध्ये जा. पहिलीनुसार अर्धा माल ०.०७ सेकंदात संपतो, दुसरीनुसार साडेचार सेकंद लागतात. साठपटीहून जास्त फरक. फास्ट पायरोलिसिसमध्ये (झटपट तापवण्याच्या पद्धतीत) वाफा दोनेक सेकंदांच्या आत बाहेर काढायच्या असतात, तिथे हा फरक रिअ‍ॅक्टरचा आकारच बदलून टाकतो.

मग या दोन जोड्यांत फरक करायचा कसा? हीटिंग रेट बदलून. १० वरून ४० वर गेलात तर २०० वाली जोडी शिखर सुमारे २३ अंश पुढे सरकवते, १०० वाली सुमारे ४५ अंश. माहिती शिखराच्या जागेत नाही, ते किती सरकतं त्यात आहे. आयसीटॅकच्या (औष्णिक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) कायनेटिक्स समितीने २०११ साली दिलेल्या शिफारशींत तीन ते पाच वेगवेगळे हीटिंग रेट घ्यायला सांगितलं आहे ते याचसाठी. ५, १०, २० आणि ४० घ्या.

इथे मी स्वतः पोळलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी सुरुवातीला क्रूसिबल (नमुन्याची छोटी वाटी) चांगलं भरून, १५ मिलिग्रॅम नमुना घ्यायचो. वजनाचा सिग्नल स्वच्छ दिसायचा. शिखर १० ते ४० मध्ये ३४ अंश सरकलं आणि ऊर्जा १३० च्या आसपास आली. तोच भुसा बारीक दळून, ३ मिलिग्रॅमचा पातळ थर पसरून पुन्हा केला, तर सरकणं २४ अंशांवर आलं आणि ऊर्जा १९० च्या जवळ. मधले १० अंश रसायनाचे नव्हतेच. विघटन उष्णता शोषतं, त्यामुळे नमुना थर्मोकपलपेक्षा (तापमान मोजणाऱ्या तारेपेक्षा) थंड राहतो, आणि हीटिंग रेट वाढेल तशी ही तफावत वाढते. मॉडेलला ते कळत नाही. त्याला वाटतं ऊर्जाच कमी आहे. १९९९ मध्ये युरोपातल्या अनेक प्रयोगशाळांनी एकच शुद्ध सेल्युलोज वापरून तुलना केली, तेव्हाही वक्रांमधली तफावत तापमान मोजण्यातल्या याच चुकीकडे बोट दाखवत होती. मिनिटाला ५ अंशांवर ऊर्जा २४४ च्या आसपास आली, ४० वर २२२.

चारही वक्र हाती आले की आधी केएएस किंवा फ्रीडमनची आयसोकन्व्हर्जनल पद्धत लावा, म्हणजे वेगवेगळ्या दरांच्या वक्रांवर सारख्याच रूपांतरणाचे बिंदू घेऊन ऊर्जा काढा. त्यात मॉडेल गृहीत धरावं लागत नाही. फ्रीडमनमध्ये डेरिव्हेटिव्ह लागतं म्हणून नॉइज जास्त जाणवतो, पण अंदाजी सूत्रांची चूक त्यात येत नाही. भुशासाठी रूपांतरणाबरोबर (किती भाग विघटित झाला त्याप्रमाणे) ऊर्जा बदलताना दिसेल, शेवटाकडे तर बरीच. तसं दिसलं की एक अभिक्रिया पुरणार नाही हे नक्की. मग तीन समांतर स्यूडो-कंपोनंट (तीन घटकांच्या जागी मानलेल्या स्वतंत्र अभिक्रिया) घ्या, किंवा डीएईएम, म्हणजे सक्रियण ऊर्जेचं वितरण मानणारं मॉडेल. लिग्निनच्या पसरट शेपटीला डीएईएम मला जास्त पटतं. मात्र चारही वक्र एकत्रच फिट करा. वेगवेगळे केलेत तर कॉम्पेन्सेशन इफेक्ट पुन्हा डोकं वर काढेल.

राखेतल्या पोटॅशियमकडेही लक्ष द्या. ते उत्प्रेरकासारखं काम करतं, शिखर खाली आणतं आणि कोळसा वाढवतं. त्यामुळे दुसऱ्याच्या धुतलेल्या नमुन्याचे आकडे तुमच्या न धुतलेल्या भुशाला लागू पडतीलच असं नाही.

आणि एक चाचणी फिटिंगच्या बाहेर राखून ठेवा, शक्यतो वेगळ्या स्वरूपाची: २० च्या दराने २८० अंशांपर्यंत, तिथे अर्धा तास स्थिर, मग पुढे. मॉडेलकडून तिचा वक्र आधी काढून घ्या आणि मगच मोजलेला वक्र त्यावर ठेवून बघा.