फ्लॉक्सची गादी मधूनच वाळतेय? आधी स्प्रिंकलर बंद करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या नव्या घरासमोरच्या उतारावर एप्रिलमध्ये ऐन बहरातली क्रीपिंग फ्लॉक्सची (जमिनीलगत पसरून फुलांची गादी करणारं झाड) रोपं आणून लावली, मे संपता संपता फुलं गेली आणि आता जुलैत झाड मधूनच तपकिरी पडतंय. रोज संध्याकाळी स्प्रिंकलर चालू असतो, भोवती लाकडाच्या ढलप्यांचं मल्चही (मातीवरचं आच्छादन) जाडसर घातलंय, तरी असं का?

‘तरी’ नव्हे, बहुधा त्यामुळेच.

हे झाड (फ्लॉक्स सब्युलाटा) अमेरिकेच्या पूर्वेकडच्या रेताड, खडकाळ, उन्हाने तापणाऱ्या उतारांवरचं. उणे ३० अंश सेल्सिअसची थंडी ते सोसतं, मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. न्यू जर्सीच्या मध्य आणि उत्तर भागात बऱ्याच ठिकाणी लालसर चिकणमाती असते, त्यात नवीन घर म्हणजे बांधकामाच्या यंत्रांनी ती दाबून घट्ट केलेली. वरून उतार दिसतो म्हणून निचरा होतोच असं नाही. रोजच्या पाण्याने वरचे दोन इंच कायम ओले राहतात आणि मल्च तो ओलावा देठांना चिकटवून ठेवतं. संध्याकाळचं पाणी तर रात्रभर पानांत मुरतं.

पण आधी खात्री करा. तपकिरी भाग हलकेच उचलून खाली बघा. देठ काळे, मऊ पडून सहज हातात येत असतील तर ती कूज. देठ कडक असेल तर नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. पानांवर बारीक पिवळसर ठिपके आणि धाग्यासारखी जाळी असेल तर लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आलाय. पांढरा कागद खाली धरून फांदी झटका, हलणारे ठिपके पडले की समजायचं. तो कोरड्या, तापलेल्या दिवसांत येतो, म्हणजे तुमच्या स्प्रिंकलरखाली शक्यता कमीच. आलाच तर दोन-तीन दिवसांआड सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा. सहसा तेवढ्याने भागतं. आतली जुनी पानं थोडीफार वाळतातच, त्याची काळजी नको.

आता काय करायचं? मल्च झाडापासून हातभर मागे ओढा आणि देठांभोवती बारीक खडी पसरा. या वर्षी लावलेल्या रोपांना आठवड्याला साधारण इंचभर पाणी पुरे, तेही एकदाच, सकाळी, मुळाशी. पाऊस झाला तर तेही नको. पुढच्या वर्षी मुळं धरल्यावर लांबलेल्या उघडिपीतच पाणी लागेल. कुजलेला भाग कापून फेका, पण जुलैच्या उन्हात मोठी छाटणी करू नका. खालून लँडस्केप फॅब्रिक (तण रोखायचं कापड) घातलं असेल तर तेही काढा. या झाडाच्या फांद्या जमिनीला टेकतील तिथे मुळं सोडतात; कापड मध्ये आलं की ते पसरतच नाही.

सप्टेंबरमध्ये मोकळ्या पडलेल्या मध्यभागी माती, जाडसर रेती आणि थोडं कंपोस्ट यांचं मिश्रण ओंजळभर टाकायचं, कडेच्या हिरव्या फांद्या त्यावर ओढून छोट्या दगडांनी दाबून ठेवायच्या. आपल्याकडचं दाब कलमच हे. नवीन रोपं लावायची तीही तेव्हाच, म्हणजे जमीन गोठायच्या आत मुळं धरतात. दोन रोपांत दीड फूट ठेवा. पहिल्या वर्षी विरळ दिसतं, दिसू द्या. पण लावण्याआधी तिथलं गवत मुळासकट काढा. एकदा गवत या दाट पानांत घुसलं की ते उपटताना फ्लॉक्सही सोबत येतं, आणि मला विचाराल तर या झाडाची खरी कटकट एवढीच. खत फारसं नको. लॉनचं नायट्रोजनवालं खत तर मुळीच नको, त्याने झाड उंच आणि विसविशीत होतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मेपल-ओकचा पालापाचोळा त्यावर साचू देऊ नका. ओल्या पानांचा थर हिवाळाभर राहिला तर मार्चमध्ये खाली काळं पडलेलं दिसेल. हरणं सहसा याच्या वाटेला कमी जातात, ससे मात्र कुरतडतात.

आणि दरवर्षी फुलं संपली की लगेच, मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, कात्रीने तिसरा हिस्सा ते निम्म्यापर्यंत कापून टाका. लोकांचा हात इथे धजत नाही. न कापल्यास फांद्या लांबत जातात, आतल्या बाजूला लाकडासारख्या होतात आणि मधे टक्कल पडतं. मग पाणी कितीही मोजून द्या.

‘सावलीतही चालतं’ असं तुम्ही वाचलंत, ते बहुधा फ्लॉक्स स्टोलोनिफेराबद्दल असावं. नर्सरीत त्यालाही क्रीपिंग फ्लॉक्सच म्हणतात. पानं बघा: सुईसारखी टोकदार असतील तर सब्युलाटा, त्याला किमान सहा तास ऊन हवं. पानं रुंद, लांबट गोल असतील तर स्टोलोनिफेरा. झाडाखालची विरळ सावली आणि पानकुजीची भुसभुशीत माती त्याला मानवते. तुमच्या घराच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यासाठी तो घ्या.

खाली प्रतिक्रियेत पुण्याच्या ताईंनी विचारलंय, गच्चीत लावू का? सब्युलाटा नको. त्याला लागणारी थंडी तिथे मिळत नाही आणि पावसाळा मुळं कुजवतो. जांभळ्या-निळ्या गालिच्याचे फोटो लावलेली बियांची पाकिटंही घेऊ नका. याच्या जाती कटिंगवरून वाढवतात. आपल्याकडे थंडीत जो फ्लॉक्स मिळतो तो फ्लॉक्स ड्रमंडाय, मूळ टेक्ससचा, एकाच हंगामाचा. वनस्पती गोळा करणारे थॉमस ड्रमंड यांनी १८३० च्या दशकात तिथून बी ब्रिटनला पाठवलं, म्हणून ते नाव. पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये बी पेरा, रोपं चार बोटं झाली की शेंडे खुडा, सुकलेली फुलं काढत राहा. उन्हाळ्यात ती कुंडी रिकामी झाली की त्यातच ऑफिस टाइमच्या (पोर्टुलाका) काड्या खोचा, भर उन्हात तीही छान पसरते.