वजन उतरलं, मांड्याही उतरल्या: छापील रिपोर्टचं दुसरं पान मागून घ्या

"तीन महिन्यांत ९ किलो गेले, पण दोन मजले चढले की मांड्या भरून येतात आणि उपाशीपोटीची साखर थोडी उतरून परत जागेवर," हे तुमचं वाक्य वाचलं आणि २०१९ सालचा मीच दिसलो. फक्त माझे १४ किलो होते.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करतो. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ हे सगळं तुम्ही तपासलं असेल असं धरून चालतोय. छातीत दुखत असेल किंवा पायांवर सूज असेल तर हे वाचणं सोडा आणि आधी डॉक्टरकडे जा.

माझी घोडचूक अशी. एका वजन कमी करण्याच्या सेंटरमध्ये पैसे भरले. सूप, पपई, काकडी, संध्याकाळी मूठभर कुरमुरे. व्यायामाचं विचारलं तर बाई म्हणाल्या, "आत्ता नको, भूक वाढते." मला तर ते हवंच होतं! दर शनिवारी शरीरातली चरबी आणि स्नायू मोजणाऱ्या मशीनवर उभं करायचे आणि रिपोर्टचं पहिलं पान हातात द्यायचे. त्यावर वजन, खाली हसरा चेहरा. चरबी-स्नायूंचा हिशेब असलेलं दुसरं पान फाईलला. ते पान मागायला मी पाच चकरा मारल्या. कधी मॅडम रजेवर, कधी प्रिंटर बंद, एकदा तर "ते तुम्हाला समजणार नाही." शेवटी मिळालं, तेव्हा कळलं की उतरलेल्या १४ किलोंत मशीनच्या हिशेबाने जवळपास ५ किलो स्नायू होते. ही मशीन पाणी कमीजास्त झालं तरी आकडा बदलते, त्यामुळे ५ चे ४ धरा. तरी काय? वर्षभरात ११ किलो परत आले, आणि त्याच वजनाला पँट आता कमरेत बसेना.

हे का होतं ते नंतर वाचून समजलं. जेवणानंतरची साखर रक्तातून उचलणारं मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. शिरेतून इन्सुलिन देऊन केलेल्या मोजणीत हा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येतो. लठ्ठपणात चरबीच्या पेशींत चरबी मावेनाशी झाली की ती स्नायूच्या तंतूंत थेंबाथेंबाने साठते. गंमत म्हणजे हे थेंब पट्टीच्या धावपटूंच्या स्नायूंतही असतात, पण ते रोज जाळतात. बैठ्या माणसात मात्र चरबीची अर्धवट रूपं साचून राहतात (डायअसिलग्लिसरॉल, सेरामाईड अशी त्यांची नावं) आणि 'साखर आत घ्या' हा इन्सुलिनचा निरोप आतपर्यंत पोचू देत नाहीत.

जाळणारी भट्टी म्हणजे मायटोकाँड्रिया, शाळेत आपण तंतुकणिका म्हणून पाठ केलेली. २००२ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या संशोधकांना लठ्ठ आणि मधुमेही लोकांच्या स्नायूंत त्या आकाराने लहान आणि कामाला मंद दिसल्या. बिघाड आधी की लठ्ठपणा आधी, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. मला खरा चटका लागला तो तिथल्याच २००८ सालच्या अभ्यासाने. नुसतं खाणं कमी केलेल्यांचं वजन उतरलं, इन्सुलिनचं कामही सुधारलं, पण मायटोकाँड्रियाची क्षमता काही वाढली नाही. ती हालचालीनेच वाढते. उंदीर पळवून हे १९६७ सालीच दाखवलं गेलं होतं. म्हणजे मी घर रिकामं केलं, पण चूल विझलेलीच ठेवली. वर चार विटाही काढून नेल्या.

आपल्याकडे तर मुळातच स्नायू कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांची जोडी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात झळकली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण युडकिनांची चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! त्यामुळे काट्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

मग करायचं काय? माझं मत, पटलं तर घ्या. आठवड्यातून दोनतीनदा जोर लागेल असा व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. गुडघे कुरकुरत असतील तर फिजिओथेरपिस्टला विचारून. बाकीचे दिवस चालणं, आणि जेवल्यावर दहापंधरा मिनिटं हमखास. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत घेतो, म्हणून जेवल्यावरची ही चाल मला सगळ्यात स्वस्त औषध वाटते. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना सांगून, नाहीतर साखर खाली जाईल. ताटात वरण पातळ नको, घट्ट. मटकी, अंडी, दही, चालत असेल तर मासे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवू नका. कोलेस्टेरॉलच्या गोळीने पाय दुखत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, गोळी आपण होऊन बंद करू नका.

आणि "मायटोकाँड्रिया बूस्टर" म्हणून जे डबे विकतात त्यांवर मी एक पै घालणार नाही. घातली होती, म्हणून सांगतोय.

आणखी एक, शिंपी वापरतो तसली टेप घ्या. महिन्यातून एकदा, एकाच वेळी, कंबर आणि मांडीचा घेर वहीत लिहा. कंबर उतरतेय आणि मांडी टिकतेय, तर वजनाचा काटा महिनाभर हलला नाही तरी चालेल. मांडी उतरत असेल तर थांबा, आणि तुम्हीही अशा सेंटरला जात असाल तर पुढच्या वेळी काउंटरवरून उठण्याआधी ते दुसरं पान हातात घ्या. प्रिंटर बंद असेल तर मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढा.