माती उकरायलाच का एवढं शिकवलं?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला. पीथमपूरच्या एखाद्या औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला लागेल अशी घरच्यांची आशा, आणि ती म्हणते, खाणींनी उजाड झालेल्या जमिनीतल्या सूक्ष्मजीवांवर काम करायचंय. 'माती उकरायलाच का एवढं शिकवलं?' असं तुम्ही विचारलंत, ते मनाला लागलं. पण मातीचं काम हलकं नाही. आपल्या इंदूरातच 1924 साली सुरू झालेल्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शास्त्रज्ञांनी काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसवली. 'इंदूर पद्धत' म्हणून ती जगभर गेली.

लेकीचं म्हणणं काय आहे ते सांगतो. खाण उघडताना वरची सुपीक माती काढून ढीग घालतात. उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, जिवंत मुळंही नसतात. मग मुळांच्या आधारानं जगणारी मायकोरायझा बुरशी हळूहळू मरते. पुढे तीच माती पसरून रोपं लावली, तर ती खुरटतात. आधी मातीत जीव परत आणावा लागतो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यात उरणारी मळी (प्रेसमड), रायझोबियम आणि ॲझोटोबॅक्टर हे नत्र धरणारे जिवाणू आणि मायकोरायझा देऊन झाडं जगवली.

ऑगस्टमध्ये लेकीबरोबर एखाद्या सोयाबीनच्या शेतात जाच. रोप मुळासकट अलगद काढा आणि मुळावरची गाठ नखानं चिरा. आत गुलाबी दिसली, तर ती हवेतलं नत्र धरतेय. हिरवट-करडी निघाली, तर निकामी. तेवढं पाहून ती आपणहून दुसरं रोप काढायला वाकली, तर तिला अडवू नका.

कामाचं म्हणाल, तर कोळसा खाणींना 2009 पासून खाण बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात पैसे ठेवावे लागतात. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा गवत वाढवण्याची अट घालायला सांगितलं. ही कामं जाणत्या माणसांशिवाय होणार नाहीत.

माझी काळजी वेगळी आहे. नुसत्या पेट्री डिशवर इथं भागत नाही. एम.एस्सी. निवडताना मातीचं रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि फील्डवर्क आहे का, हे आधी पाहा. पाठोपाठ सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेची तयारी. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं. ती मिळेपर्यंत प्रोजेक्टवरची नोकरी तुटपुंज्या पगाराची आणि मुदतीची असते, हे तुमच्यापासून लपवत नाही. सिंगरौलीसारख्या कोळसा खाणींच्या ठिकाणी महिनोन्महिने राहावंही लागेल. त्याची मनाची तयारी तिच्याइतकीच तुम्हीही करा.

मोठा निर्णय आत्ताच नको. भोपाळची भारतीय मृदा विज्ञान संस्था आणि आपल्या इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था, दोन्हीकडे उन्हाळ्यात दोन महिने काम शिकायला मिळेल का, हे या आठवड्यातच विचारा. ई-मेल मात्र तिलाच लिहू दे, बाबांनी लिहायचा नाही.