वाचक विचारतात : दुर्बीण आधी की आकाश आधी?

प्रश्न : माझ्या सातवीतल्या मुलीने दुर्बिणीचा हट्ट धरला आहे. आमच्या गच्चीवरून जेमतेम दहा-बारा तारे दिसतात. दुर्बीण घ्यावी का, आणि जवळपास आकाश नीट कुठे पाहता येईल? – एक पालक, डोंबिवली

उत्तर : दुर्बीण सध्या घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चंद्रावरची विवरे, गुरूचे चार मोठे उपग्रह आणि शनीची कडी छोट्या दुर्बिणीतून शहरातूनही दिसतात, हे खरे. पण मृग आणि कृत्तिका अजून ओळखता येत नसतील, तर दुर्बीण रोखायची कुठे हेच मुलांना कळत नाही आणि महिन्याभरात ती माळ्यावर जाते, असे मी बऱ्याच घरांत पाहिले आहे. त्यापेक्षा हिवाळ्यात, अमावास्येजवळच्या शनिवारी, मुलीला घेऊन वांगणीला जावे. कर्जत मार्गावर बदलापूरच्या पुढे असलेल्या या गावी मुंबईचे खगोल मंडळ अनेक वर्षे रात्रभराचे आकाशदर्शन घेत आले आहे. तारीख विचारून नाव आधी नोंदवावे. अमावास्येच्या रात्री बाहेर पडायला घरातली वडीलधारी मंडळी नको म्हणतील, परंतु चंद्रप्रकाश नसलेली हीच रात्र अंधुक ताऱ्यांसाठी सर्वांत चांगली असते.

तेथे पोहोचल्यावर पहिला अर्धा तास मोबाइल खिशातच ठेवावा, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि पडद्याचा एक झोत ती सगळी सवय मोडतो. नकाशा पाहण्यासाठी बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद रबराने बांधून न्यावा. लाल उजेड डोळ्यांना कमी बाधतो. मृगाच्या तीन ठळक ताऱ्यांखाली जो पुसट ठिपका दिसतो तो तारा नसून तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा प्रचंड ढग आहे आणि तेथे नवे तारे जन्म घेत आहेत, हे मुलीला त्याच जागी उभे राहून सांगावे. उत्तररात्री सप्तर्षी वर आले की शेपटीतला मधला वसिष्ठ आणि त्याला लागून असलेली अरुंधती नुसत्या डोळ्यांनी वेगळी दिसते का, ते तिला पाहू द्यावे. लग्नात भटजी नवरा-नवरीला दाखवतात तीच ही जोडी. आणि दुर्बिणीतून पाहिले, तर वसिष्ठ स्वतःही दोन ताऱ्यांचा निघतो!

एवढे झाल्यावरही हट्ट टिकला, तर आधी ७ × ५० किंवा १० × ५० ची (म्हणजे सात किंवा दहा पट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री, अर्थात दोन्ही डोळ्यांनी पाहायची छोटी दुर्बीण घ्यावी. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह, तिच्यातून छान दिसते. तो धूसर प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

प्रश्न : शाळेच्या सहलीत खोडदच्या दुर्बिणीतून मुलांना ग्रह दाखवता येतील का? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : नाही. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात, त्यामुळे तिला डोळा लावण्याची सोयच नसते. उलट ती दिवसा आणि ढगाळ हवेतही काम करते. तरीही सहल अवश्य न्यावी. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तेथे विज्ञान प्रदर्शन भरते, त्या वेळी तबकड्या जवळून पाहता येतात आणि शास्त्रज्ञांना प्रश्न विचारता येतात. मुलांचे मोबाइल मात्र बंद ठेवावेत, कारण ताऱ्यांकडून येणारा संदेश इतका क्षीण असतो की जवळचा एक फोनही तो झाकून टाकतो.