व्हीएमवेअर सोडायचं आहे. दोन सर्व्हरच्या छोट्या कारखान्यासाठी काय घ्यावं?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: साताऱ्याच्या एमआयडीसीत कारखाना, दोन सर्व्हर, दोन्हींवर ईएसएक्सआय ७ (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) आणि मिळून सात व्हीएम, म्हणजे असे आभासी संगणक. त्यांत टॅली, ईआरपी (कारखान्याच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर), फाइल सर्व्हर, डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा) आणि बाकी किरकोळ. आयटी बघणारे तुम्ही एकटेच. व्हीएमवेअरच्या जागी काय घ्यावं?

प्रॉक्समॉक्स घ्या; व्हीएमवेअरचंच काम करणारं ते मुक्त सॉफ्टवेअर आहे. पण त्याच्याही आधी बॅकअपसाठी तिसरं मशीन घ्या, आणि त्यावरून एक व्हीएम परत उभी करून दाखवल्याशिवाय बाकीच्यांना हात लावू नका. मी सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात अशाच छोट्या ठिकाणांचे सर्व्हर सांभाळतो, आणि हा क्रम मी कुणासाठीच मोडत नाही.

थांबून बघू म्हणाल तर त्याला आता फारसा वाव राहिलेला नाही. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतलं आणि डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद केली. आता फक्त वर्गणी, तीही प्रत्येक सीपीयूमागे किमान १६ कोर धरून. तुमचा सीपीयू आठ कोरचा असला तरी पैसे सोळाचे. मोफत ईएसएक्सआय फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झालं, एप्रिल २०२५ मध्ये परत आलं. पण मोफत आवृत्तीवर बॅकअपची नेहमीची सॉफ्टवेअर चालत नाहीत, म्हणून कारखान्याच्या कामाला ती धरू नका. आणि आवृत्ती ७ चा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

याच कामाचं मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही वाईट नाही. तुमचे सगळे व्हीएम विंडोजचे असतील, तुमचा हात विंडोजवरच बसलेला असेल आणि विंडोज सर्व्हरची लायसन्स आधीच घेतलेली असतील, तर तो मार्ग सरळ आहे. हिशेब मात्र नीट करा. स्टँडर्ड आवृत्तीत सर्व्हरचे सगळे कोर, किमान १६, लायसन्स केले की दोन विंडोज व्हीएम चालवायचा हक्क मिळतो; आणखी दोन हव्या असतील तर तेवढेच पैसे पुन्हा. हा हिशेब प्रॉक्समॉक्सवर गेल्यानेही सुटत नाही. खालचा मंच फुकट झाला म्हणून वरचं विंडोज फुकट होत नाही, आणि नेमकं हेच मालकांना आधी सांगायचं राहून जातं. एक्ससीपी-एनजी हा असाच आणखी एक मंचही चांगला आहे, पण अडल्यावर विचारायला आपल्या भागात त्याची माणसं मला कमी भेटली.

प्रॉक्समॉक्स डेबियन लिनक्सवर उभं आहे, आत व्हीएम चालवणारं केव्हीएम आहे, पहिली आवृत्ती २००८ ची. वर्गणी सीपीयूच्या सॉकेटवर, वर्षाला. वर्गणी न घेताही सगळ्या सोयी चालतात, फक्त अपडेट कमी तपासलेल्या भांडारातून येतात, आणि ते भांडार धंद्याच्या सर्व्हरला लावू नका असं कंपनी स्वतःच सांगते. तुमच्या पगारपत्रकापासून गेटपासपर्यंत सगळं त्यावर चालणार असेल तर निदान सगळ्यात खालची वर्गणी घ्याच.

दोन सर्व्हर आहेत म्हणून लगेच क्लस्टर करायला, म्हणजे दोन्ही एका गटात जोडायला, जाऊ नका. प्रत्येक नोडला, म्हणजे गटातल्या सर्व्हरला, एक मत असतं; दोनच नोड असले की एक पडताच दुसऱ्याचं बहुमत जातं. चालू व्हीएम चालत राहतात, पण बंद पडलेली परत सुरू होत नाही. त्यात एचए (एक सर्व्हर पडला की त्याच्या व्हीएम दुसऱ्यावर आपोआप सुरू करणारी सोय) लावलेलं असेल तर उरलेला नोड स्वतःच रीबूट होतो. म्हणजे ज्या रात्री आधार हवा त्याच रात्री दोन्ही बंद. क्लस्टर हवंच असेल तर तिसरं मत द्यायला एक क्यूडिव्हाइस ठेवा. बॅकअपच्या मशीनवरही ते चालतं. झेडएफएस या डिस्क-व्यवस्थेचं रेप्लिकेशन (एका सर्व्हरवरच्या व्हीएमची प्रत दुसऱ्यावर नेणं) दर १५ मिनिटांनी लावलं, तर एक सर्व्हर गेल्यावर फार तर तेवढ्या वेळातलं काम जातं. तुमच्या आकाराला हे पुरेसं आहे. शेअर्ड स्टोरेजच्या, म्हणजे दोन्ही सर्व्हरच्या सामाईक डिस्कच्या, नावाखाली कुणी मोठं कोटेशन आणलं तर हा पर्याय समोर ठेवून बोला.

आता बॅकअप. २०१९ च्या महापुरात सांगलीत हरभट रोडवरच्या एका कार्यालयाचा सर्व्हर आम्ही वेळेत वरच्या मजल्यावर नेला. बॅकअपची डिस्क मात्र खाली टेबलामागे राहिली, कारण ती कुणाच्या ध्यानातच नव्हती. पाणी उतरल्यावर ती चिखलासकट बाहेर काढली. सर्व्हर वाचला होता म्हणून निभावलं. तेव्हापासून माझ्याकडच्या प्रत्येक ठिकाणाची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत असते, नदीपासून लांब. साताऱ्यात तुम्हाला पुराची तशी भीती नसेल, पण आग, वीज आणि रॅन्समवेअर सगळीकडेच आहे. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर फक्त बदललेले तुकडे पाठवतो, त्यामुळे साध्या फायबरवरही रोजची प्रत बाहेर जाते. बाहेरच्या मशीनलाच प्रत ओढून घ्यायला लावा, कारखान्याकडून ढकलू नका. मग कारखान्यातलं सगळं कुणाच्या हाती लागलं तरी बाहेरच्या प्रती पुसायचा अधिकार त्याच्याकडे नसतो. पडताळणीचं काम आठवड्याला लावा आणि महिन्यातून एकदा एखादी व्हीएम नेटवर्क काढून खरोखर उभी करा.

हलवण्याचं काम २०२४ पासून सोपं झालंय. ईएसएक्सआय हे स्टोरेज म्हणून जोडायचं की त्यातले व्हीएम यादीत दिसतात आणि थेट आयात करता येतात. आधी जुने स्नॅपशॉट (व्हीएमच्या त्या त्या क्षणाच्या साठवलेल्या स्थिती) काढून टाका, नाहीतर आयात फार रेंगाळते. व्हीएमच्या आत टाकलेली व्हीएमवेअर टूल्सही आधीच काढा, आणि विंडोजचा आयपी, गेटवे, डीएनएस कागदावर लिहून घ्या. कुपवाडच्या एका फाउंड्रीत शनिवारी रात्री मी हे लिहून घेतलं नाही. नवीन नेटवर्क कार्ड आलं, जुनं लपून आयपी धरून बसलं, आणि ईआरपीला डेटाबेस सापडेना. पहाटे तीनला डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून जुनं कार्ड उडवलं तेव्हा सुटलं.

विंडोजची डिस्क सुरुवातीला साटा या जोडणीवर ठेवा. चालू झाल्यावर व्हर्टआयओ ड्रायव्हर (प्रॉक्समॉक्सची आभासी उपकरणं विंडोजला ओळखता यावीत म्हणून) टाका, एक जीबीची रिकामी डिस्क स्कझी या दुसऱ्या जोडणीवर जोडा म्हणजे विंडोज तो ड्रायव्हर ओळखून घेतं, आणि मगच मुख्य डिस्क स्कझीवर न्या. ही पायरी गाळली की निळा स्क्रीन येतो. टॅली किंवा आणखी कशाचं लायसन्स यूएसबी डोंगलवर असेल तर ते पासथ्रू करता येतं, म्हणजे थेट व्हीएमला देता येतं, पण ती व्हीएम मग त्याच सर्व्हरला बांधली जाते. सुरुवात फाइल सर्व्हरपासून करा, ईआरपी शेवटी, आणि महिनाअखेर टाळा.

एसएसडी एंटरप्राइझ दर्जाचीच घ्या. साध्या डिस्कवर झेडएफएस मंदावतं आणि डिस्क लवकर झिजते.

तुमच्या सर्व्हरमध्ये कोणतं रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र बांधणारं) आहे आणि ते एचबीए मोडमध्ये, म्हणजे डिस्क न बांधता थेट दाखवायच्या मोडमध्ये, जातं का, तेवढं कळवा. जात नसेल तर झेडएफएस सोडून एलव्हीएम ही लिनक्सची साधी डिस्क-व्यवस्था वापरावी लागेल आणि वर लिहिलेलं रेप्लिकेशन मिळणार नाही. मग दोन सर्व्हरची मांडणी वेगळी करू.