जॅकेट फेकू नका, आधी धुवा

पाऊस सुरू झाला की सायकलवर नाशिकहून त्र्यंबक रोडला निघालात आणि अंजनेरीपर्यंत वॉटरप्रूफ जॅकेट ओलं जड झालं, म्हणजे ते गळतंय असं नाही. वरच्या कापडावरचा पाणी झटकणारा थर मळाने, घामाने दबतो. कापड पाणी पितं, आतली वाफ बाहेर पडत नाही, आणि तुम्ही आपल्याच घामाने भिजता.

चेन, वेल्क्रो लावून 30 अंशांच्या पाण्यात टेक-वॉशने, म्हणजे वॉटरप्रूफ कपड्यांसाठीच्या खास साबणाने धुवा. साधी पावडर नको. फॅब्रिक कंडिशनर तर अजिबात नको, त्याचा थर पाणी ओढतो. दोनदा खळबळा. वाळल्यावर लेबल परवानगी देत असेल तरच मंद इस्त्री, वाफ बंद, मध्ये सुती पंचा. रिफ्लेक्टिव्ह पट्ट्यांवर इस्त्री नको. बऱ्याचदा एवढ्यानेच जुना थर जागा होतो.

आता खांद्यावर चमचाभर पाणी टाका. मोत्यासारखे थेंब घरंगळले तर काम झालं. डाग गडद होत पसरला, तर पुन्हा धुऊन ओलसर जॅकेटवर 15 सेंमीवरून वॉटरप्रूफिंग स्प्रे मारा. खांदे, बाह्या आणि मागच्या चाकाचा चिखल उडतो तो कमरेचा भाग सोडू नका. दोन मिनिटांनी साचलेले थेंब ओल्या फडक्याने टिपा, नाहीतर पांढरे डाग राहतात. शिवणीतून पाणी आत येऊ नये म्हणून लावलेली टेप सुटली असेल, तर मात्र स्प्रेचा उपयोग नाही.