चीनमध्ये इंग्रजी शिकवायला जायचंय, तर नोकरी देणारी संस्था चांगली आहे हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: तुमचं इंग्रजीत एम.ए. आणि बी.एड. झालंय, नाशिकच्या शाळेत काही वर्षं शिकवताय, आणि एका एजंटकडून हांगझोच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये, म्हणजे खासगी इंग्रजी क्लासमध्ये, महिना १८,००० युआनची ऑफर आलीय. एजंट म्हणतो, आधी बिझनेस व्हिसावर या, कामाचा परवाना इथं आल्यावर करू. संस्था चांगली की वाईट हे नाशिकमध्ये बसून कसं ठरवायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी सुझोमधल्या एका खासगी शाळेच्या आंतरराष्ट्रीय विभागात भारतीय पासपोर्टवर भौतिकशास्त्र शिकवत होतो. स्टाफरूममध्ये निम्मे लोक इंग्रजीचे होते. त्यातले बरेचजण आधी दोन-तीन संस्था बदलून आलेले, त्यामुळे खालचं बरंचसं त्यांच्या तोंडून ऐकलेलं आणि काही स्वतः पाहिलेलं आहे.

ही ऑफर सोडा. पगार वाईट नाही, एका युआनचे साधारण बारा रुपये धरले तर महिना दोन लाखांच्या वर जातो. पण व्हिसाबद्दल जे सांगितलंय त्यात पाणी मुरतंय.

चीनमध्ये नोकरीच्या कागदांचा क्रम ठरलेला आहे. आधी संस्था तुमच्या नावाने कामाच्या परवान्याचा अर्ज ऑनलाइन करते. तो मान्य झाला की मंजुरीपत्र येतं. ते घेऊन तुम्ही भारतातून झेड व्हिसा, म्हणजे नोकरीचा व्हिसा, काढता आणि तिथं उतरल्यापासून ३० दिवसांच्या आत रहिवासी परवान्याला अर्ज करता. म्हणजे अवघड भाग तुम्ही भारतात असतानाच होतो, आणि तो संस्थेने करायचा असतो. जी संस्था म्हणते 'आल्यावर बघू', तिला एकतर परदेशी माणूस ठेवता येत नाही, नाहीतर तुमच्यासाठी परवाना मिळणार नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे.

तुमच्या बाबतीत दुसरी शक्यता जास्त वाटते, आणि हे एजंट कधी सांगत नाहीत. २०१७ पासून देशभर कामाच्या परवान्याची एकच पद्धत आहे. तिच्यात भाषाशिक्षकाने तत्त्वतः आपल्या मायदेशाची मातृभाषाच शिकवावी, पदवी असावी आणि भाषा शिकवण्याचा दोन वर्षांचा अनुभव असावा, अशी अट आहे. शिक्षणशास्त्राची पदवी असेल तर अनुभवात सूट मिळते, पासपोर्टात मिळत नाही. इंग्रजीसाठी व्यवहारात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका एवढेच देश मोजले जातात. आपलं इंग्रजी कितीही चांगलं असो, भारत त्या यादीत नाही. अन्याय आहे का? आहे. पण परवाना देणाऱ्या खिडकीवर त्यावर वाद घालता येत नाही.

मग पळवाट निघते. माझा एक फिलिपिनो सहकारी आमच्याकडे यायच्या आधी एका सेंटरमध्ये लहान मुलांना इंग्रजी शिकवत होता. परवाना होता, झेड व्हिसा होता, सगळं रीतसर दिसत होतं. फक्त परवान्यावर नाव होतं एका फर्निचर निर्यात करणाऱ्या कंपनीचं आणि पद होतं मार्केटिंग मॅनेजर. एका शनिवारी दुपारी वर्ग भरात असताना पोलीस आले, सगळ्या परदेशी शिक्षकांचे कागद टेबलावर मांडले आणि याला विचारलं, मॅनेजरसाहेब इथं रंगीत कार्डं घेऊन काय करताय? सेंटरच्या बाईंनी 'हे तर पाहुणे आहेत' म्हणून हात झटकले. त्याने दंड भरला, नोकरी गेली, आणि पुढच्या अर्जाच्या वेळी त्या दिवसाचा खुलासा लिहून द्यावा लागला.

कायदा इथं अगदी स्पष्ट आहे. जुलै २०१३ पासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यात परवाना नसताना किंवा परवान्यात लिहिलेल्या कामाबाहेर काम केलं तर ५,००० ते २०,००० युआन दंड, आणि प्रकरण गंभीर धरलं तर वर ५ ते १५ दिवसांची कोठडी. संस्थेला दंड माणसामागे १०,००० युआन, एकूण फार तर एक लाख. संस्थेसाठी हा धंद्यातला खर्च झाला, कोठडीची भीती आहे ती तुम्हाला. शिवाय परवाना नसेल तर पगार बुडाल्यावर कामगार कायद्याचा आधारही राहत नाही.

म्हणून माझ्या मते मालक पारखायचा पहिला प्रश्न पगाराचा नाहीच. 'परवान्यावर संस्थेचं नाव कोणतं आणि पदाचं नाव काय लिहिणार? आणि मी रोज जाणार ती इमारत त्याच संस्थेची आहे का?' हे लेखी विचारा. दुसरा प्रश्न तुमच्यापुरता: 'गेल्या वर्षभरात तुम्ही भारतीय पासपोर्टवरच्या कुणाला याच पदासाठी परवाना काढून दिलाय का?' चांगल्या शाळेची एचआर याला थेट उत्तर देते. 'इंग्रजीसाठी नाही जमणार, पण अमुक विषयासाठी जमेल' असं उत्तर आलं तर ते चांगलं लक्षण समजा, त्या माणसाला नियम माहीत आहेत. काही शहरांत इंग्रजी भाषक देशातून पदवी घेतलेल्यांना सूट मिळते, पण ते शहरागणिक बदलतं आणि तुम्हाला लागू नाही.

तुमच्यासाठी खरा रस्ता आंतरराष्ट्रीय विभागांत आहे. ए-लेव्हल, आयजीसीएसई किंवा आयबी असे परदेशी अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळांत विषयशिक्षकांना मातृभाषेची अट लागत नाही. गणित-विज्ञानात भारतीय शिक्षक यामुळेच दिसतात. एम.ए. इंग्रजीवाल्यांसाठी दार अरुंद आहे, पण बंद नाही. केंब्रिजचा ग्लोबल पर्स्पेक्टिव्ह्ज हा विषय किंवा आयबीमधला थिअरी ऑफ नॉलेज हे भाषेचे तास नाहीत आणि पुष्कळदा इंग्रजीचे लोकच ते शिकवतात. मात्र परवान्यावर जो विषय असेल तोच शिकवायचा, नाहीतर आपणही त्या मार्केटिंग मॅनेजरच्या रांगेत.

आता ट्रेनिंग सेंटर. पासपोर्टाचा प्रश्न नसता तरी मी तुम्हाला सावध केलं असतं. ही सेंटरं पालकांकडून वर्ष-दोन वर्षांची फी आगाऊ घेतात आणि त्यातून आजचं भाडं आणि पगार भागवतात. नवीन प्रवेश थांबले की सगळ्यात आधी पगाराची तारीख पुढं सरकते. जुलै २०२१ मध्ये सरकारने शाळकरी मुलांच्या शिकवण्यांवर बंधनं आणली. पहिली ते नववीच्या मुख्य विषयांच्या शिकवण्यांमधून नफा कमवायला बंदी आली, शनिवार-रविवार आणि सुट्टीतले वर्ग बंद झाले, परदेशात बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून ऑनलाइन वर्ग घेणंही थांबलं. न्यू ओरिएंटलसारख्या अवाढव्य कंपनीने त्यानंतर ६०,००० लोक कमी केले. आता जी सेंटरं उरलीत त्यांपैकी काही मोठ्यांना शिकवतात, काही नाट्य, वक्तृत्व अशा नावांखाली इंग्रजीच शिकवतात. म्हणून ऑफर आली की विचारा: विद्यार्थी कोणत्या वयाचे, आणि वर्ग कोणत्या वारी? सहावीतली मुलं आणि रविवार सकाळ असं उत्तर आलं तर ते सेंटर कोणत्याही दिवशी बंद होऊ शकतं.

बालवाड्यांचंही असंच. २०१६ मध्ये चीनमध्ये पावणेदोन कोटींहून जास्त मुलं जन्मली, २०२३ मध्ये नव्वद लाखांच्या आसपास. त्या एका वर्षात देशातल्या बालवाड्या चौदा हजारांहून जास्त घटल्या. बालवाडीची ऑफर असेल तर 'गेल्या वर्षी किती वर्ग होते, यंदा किती?' एवढं विचारा. उत्तर टाळलं तर समजून जा. विद्यापीठांत पगार बेताचा, तास कमी, सुट्ट्या भरपूर, कागद चोख. पण तिथं इंग्रजीला पासपोर्टाची तीच अट येते.

संस्थेची कुंडली घरबसल्या काढता येते, आणि हे काम कुणीच करत नाही याचं मला नवल वाटतं. चीनमधल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला १८ अंक-अक्षरांचा एक क्रमांक असतो. तो तिच्या व्यवसाय परवान्यावर छापलेला असतो. परवान्याचा फोटो मागा, शाळा असेल तर शिक्षण खात्याने दिलेला शाळा चालवण्याचा परवाना मागा. मग कंपनीचं चिनी नाव किंवा तो क्रमांक सरकारी कंपनी-नोंदणीच्या संकेतस्थळावर किंवा तियानयानचा या ॲपमध्ये टाका. सगळं चिनीत आहे, पण फोनवरचं भाषांतर पुरतं. स्थापना कधी झाली, मालक किती वेळा बदलला, आणि मुख्य म्हणजे कामगारांनी केलेले खटले आहेत का, हे बघा. एखाद-दुसरा वाद कुठंही असतो. पण न्यायालयाचा आदेश होऊनही पैसे न देणाऱ्यांच्या यादीत नाव असेल तर पुढं बोलायचं कारण नाही. आणि एजंटने दिलेलं इंग्रजी नाव नोंदणीत सापडत नाही म्हणून घाबरू नका, तिथं इंग्रजी नावं नुसती पाटीपुरती असतात.

करारावर मी जास्त लिहीत नाही, कारण करार चांगला असून मालक वाईट असू शकतो. तरी पाच गोष्टी बघा. चिनी आणि इंग्रजी मजकुरात फरक पडला तर बहुतेक करारांत चिनी ग्राह्य धरतात, तेव्हा चिनी प्रत कुणाकडून तरी वाचून घ्या. दोन करार पुढं केले, एक 'सरकारला दाखवायला' आणि एक 'आपल्या आपल्यात', तर सही करू नका. आठवड्याचे तास लिहिताना शिकवण्याचे वेगळे आणि शाळेत बसण्याचे वेगळे लिहून घ्या. करार दहा महिन्यांचा की बारा, हेही बघा, कारण उन्हाळ्याचा पगार तिथंच गळतो. प्रोबेशनला कायद्यात मर्यादा आहे. एक वर्षापासून तीन वर्षांच्या आतल्या कराराला फार तर दोन महिने. सहा महिन्यांचं प्रोबेशन आणि त्यात पगार कमी, असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय, तेही एका बऱ्यापैकी दिसणाऱ्या शाळेच्या करारात.

राहण्याचा भत्ता आकर्षक दिसतो. परदेशी माणसाला घरभाड्यावर करसवलत मिळते, पण त्यासाठी घरमालकाची फापियाओ, म्हणजे सरकारी पावती लागते, आणि घरमालक ती द्यायला कुरकुर करतात. शाळेने स्वतः घर दिलं तर हा त्रास वाचतो. सुट्ट्यांचंही तसंच: ऑक्टोबरच्या लांब सुट्टीच्या आगेमागे एखादा शनिवार-रविवार भरून द्यावा लागतो, त्यात शाळेचा दोष नाही, देशाचाच रिवाज आहे.

मुलाखतीत मी एक गोष्ट मागितली होती, तीच तुम्हीही मागा: सध्याच्या एखाद्या शिक्षकाचं या आठवड्याचं वेळापत्रक. आमच्या समन्वयक बाईंनी मुलाखत चालू असतानाच भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो काढून पाठवला. चाळीस मिनिटांचे तास, जेवणानंतर मुलांची झोप, रात्री साडेसहानंतर वसतिगृहातल्या मुलांचा स्वाध्याय आणि त्यावर देखरेखीला आळीपाळीने नावं. ते रात्रीचं पाहून माझं तोंड वाकडं झालं, पण जे होतं ते समोर होतं. ज्यांच्याकडे हे लपवण्यासारखं असतं ते शांघायच्या रोषणाईचे फोटो पाठवतात.

शिक्षकांशी बोलायचं असेल तर नोकरीत असलेल्यापेक्षा सोडून गेलेल्याशी बोला. त्याला एवढंच विचारा की सोडताना मुक्ततेचं पत्र आणि परवाना रद्द केल्याचा दाखला किती दिवसांत दिला. त्याशिवाय पुढच्या शाळेत परवाना हलवता येत नाही, आणि वाईट मालक तिथंच गळा धरतो. पगार, वर्ग, सहकारी यांवर माणसं भिडेपोटी गोड बोलतात. या प्रश्नावर मात्र खरं बोलतात.

तिथं पोहोचल्यावर पहिल्या पगारानंतर सरकारी आयकर ॲपवर नोंदणी करा. मालकाने तुमच्या नावावर दरमहा किती पगार दाखवलाय ते त्यात दिसतं. आमच्यातल्या एकीच्या जुन्या शाळेने करारात २०,००० लिहिलं होतं आणि सरकारला ६,००० दाखवले होते. उरलेले वीचॅट या चिनी ॲपवर यायचे. ते तिला कळलं बँकेतून पैसे घरी पाठवताना, कारण तिथं कर भरल्याचा दाखला मागतात आणि दाखला होता ६,००० चा.

तर एजंटला आजच एवढं कळवा: सेंटरचा व्यवसाय परवाना पाठवा, माझ्या कामाच्या परवान्यावर पद काय असेल ते लिहून द्या, मी झेड व्हिसाशिवाय येणार नाही. 'सगळे असंच जातात' असं उत्तर आलं की विषय संपला. मग थेट शाळांच्या संकेतस्थळांवर अर्ज सुरू करा. शाळा १ सप्टेंबरच्या आसपास उघडतात, बऱ्याच जागा जानेवारी ते मे या काळात भरतात, आणि कागदांना दोन-तीन महिने सहज जातात. पदवीच्या आणि अनुभवाच्या दाखल्यांचं साक्षांकन आताच हाती घ्या. अनुभवाच्या पत्रावर 'पूर्णवेळ' हा शब्द आणि तारखा असू द्या. पोलीस क्लिअरन्स मात्र ऑफर हातात आल्यावरच काढा, तो सहा महिन्यांच्या आतला लागतो.